कोंबड्यांच्या दाण्याची पेटी

एका साध्या लांकडी पेटीचा इतिहास सांगण्याचें मी आज योजिलें आहे. उंची फार तर दीड हात, रुंदी वीतभर किंवा थोडी अधिक. वर तिरपें झांकण, पोटांत आठवडाभर पुरेल इतका भरडा आणि तळाशीं एक अरुंद फट. या फटींतून भरडा खालच्या पन्हळींत उतरतो, कोंबडी तो टिपते, आणि जितका टिपला गेला तितकाच वरून पुन्हां उतरतो. परसांत पांच-दहा कोंबड्या पाळणारा कोणीहि मनुष्य करवत, हातोडी व जुन्या खोक्याच्या चार फळ्या घेऊन एका दुपारींत ती तयार करूं शकतो. इंग्रजींत तिला 'हॉपर' म्हणतात. आमच्या कुक्कुटपालनाच्या पुस्तकांतून 'खाद्यपात्र' हा भारदस्त शब्द आढळतो. मी तिला सरळ दाण्याची पेटी म्हणणार आहें.

या पेटीचें तत्त्व मराठी शेतकर्‍याला परकें नाहीं. पाभरीच्या नळ्यांवर बसविलेलें चाडें तें हेंच: वर रुंद, खालीं अरुंद, आणि दाणा आपल्याच वजनानें खालीं जाणारा. पिठाच्या गिरणीवर धान्य ओततात तें पेटाड, मातीच्या कोठीच्या बुडाशीं बोळा कोंबून बंद केलेलें भोंक, हीं सारीं याच घराण्यांतलीं. पण एक मोठा फरक आहे. चाड्यावर मूठ लागते. किती दाणे सोडावयाचे हें पेरणाराची मूठ ठरविते, आणि म्हणूनच पेरणीला आरंभ करणें याला 'चाड्यावर मूठ धरणें' असें आपण म्हणतों. कोंबड्यांच्या पेटींत ही मूठच नाहीं. केव्हां खावें आणि किती खावें, याचा निर्णय माणसाच्या हातून सुटून पक्ष्याच्या चोंचीकडे गेला. तो सोडून देण्यास माणसाला जवळ जवळ दोन हजार वर्षें लागलीं, आणि सोडल्यावर मिळालें काय व गेलें काय याविषयींचा वाद अजून मिटलेला नाहीं. या क्षुद्र वस्तूला इतिहास आहे तो यासाठीं.

आधीं कोंबडीचा स्वभाव पाहिला पाहिजे. तिचा मूळ पुरुष म्हणजे आग्नेय आशियाच्या व आपल्याकडील अरण्यांतला तांबडा रानकोंबडा. वाळला पाचोळा पायांनीं उकरावा, उडवावा, आणि खालून निघालेले किडे, बिया, कोंब टिपावे, हा त्याचा पिढीजात व्यवसाय. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनानें कोंबडी माणसाळल्याचा सर्वांत जुना भरंवशाचा पुरावा थायलंडमधील बान नॉन वाट येथील हाडांत दाखविला आणि त्याचा काळ इ. स. पूर्व १६५० ते १२५० असा धरला. त्या संशोधकांचें अनुमान असें कीं, कोरडवाहू भाताच्या व बारीक भरड धान्यांच्या शेतीनेंच रानकोंबड्याला झाडीतून ओढून वस्तीजवळ आणलें. म्हणजे माणूस आणि कोंबडी यांची ओळख सांडलेल्या दाण्यावर झाली, असें म्हणावयास हरकत नाहीं. कोंबडीनें ती ओळख विसरलेली नाहीं. तिच्यापुढें ताटभर धान्य ठेवा. ती प्रथम त्यांत पाय घालते.

सांडलवंडीकडे पाहण्याची दृष्टि मात्र काळानुसार बदलली. प्राचीन रोमन लोकांना कोंबडीच्या चोंचींतून सांडलेला दाणा हा शुभशकुन वाटे. सैन्याबरोबर पिंजर्‍यांतून पवित्र कोंबड्या नेत आणि लढाईपूर्वीं त्यांच्यापुढें दाणे टाकीत. त्यांनीं अधाशीपणानें खातांना दाणा जमिनीवर पडला कीं देवाचा कौल मिळाला. इ. स. पूर्व २४९ मध्यें ड्रेपाना येथील आरमारी लढाईच्या आधीं त्या खाण्यास तयार होईनात, तेव्हां सेनापति पब्लियस क्लॉडियस पल्कर यानें, खात नसतील तर पाणी तरी पिऊं देत, असें म्हणून त्यांना समुद्रांत फेकून दिलें, अशी आख्यायिका आहे. लढाईंत त्याचें आरमार धुळीस मिळालें, ही मात्र आख्यायिका नव्हे.

पण शकुन पाहणारे वेगळे आणि धान्याचा हिशेब ठेवणारे वेगळे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोल्युमेला नांवाचा ग्रंथकार होऊन गेला. तो मूळचा स्पेनमधील गाडीसचा, म्हणजे आजच्या काडिझ शहराचा. त्याच्या शेतीवरील ग्रंथाच्या आठव्या भागांत कोंबड्यांच्या पात्रांविषयीं जें लिहिलें आहे तें वाचून कोणाहि कोंबडीपालकानें मान डोलवावी. पात्रावर झांकण असावें. त्याच्या अंगाला, अर्ध्या उंचीच्या वर, एकेक तळव्याच्या रुंदीइतक्या अंतरावर भोकें पाडावीं. भोंक एवढेंच असावें कीं पक्ष्याचें डोकें आंत जाईल. झांकण नसेल तर आंतलें पाणी व खाद्य पायांनीं बाहेर उडविलें जातें. कांहीं लोक भोकें वरच्या झांकणालाच पाडतात, तसें करूं नये. कारण पक्षी वर उडी मारून बसतो आणि खालीं घाण करतो. हीं पात्रें शिशाचीं असावींत असें तो सांगतो, तेवढा सल्ला आज कोणी पाळूं नये, कारण शिसें विषारी आहे. बाकीचा सारा उपदेश आजहि अक्षरशः खरा आहे. मला या उतार्‍याचें कौतुक वाटतें तें यासाठीं कीं, त्यांत कोंबडीला दोष दिलेला नाहीं. ती उकरणार, उडविणार, उंच जागा दिसली कीं चढून बसणार, हें गृहीत धरून पात्राला शिस्त लावलेली आहे.

कोल्युमेलाच्या आधींच, इ. स. पूर्व पहिल्या शतकांत, व्हिट्रूव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञानें पाणचक्कीचें वर्णन करतांना जात्यावर टांगलेल्या, धान्य आपोआप पुरविणार्‍या पेटाडाचा उल्लेख केला आहे. म्हणजे आपोआप उतरणारें धान्य आणि डोक्यापुरतें उघडें पात्र हीं दोन्ही रोमन लोकांच्या हाताशीं होतीं. तीं एकमेकांस जोडावीं असें कोणाच्या मनांत आल्याचें दिसत नाहीं. माझ्या मतें याचें कारण बुद्धीच्या अभावांत शोधूं नये. ज्या घरांत गुलामाचा हात फुकट मिळतो, त्या घरांत हाताचे श्रम वांचविणारी पेटी कोण करणार?

हीं दोन अंगें जोडलेलीं आपल्याला दिसतात तीं फार उशिरां, आणि तींहि कबुतरांसाठीं. लंडनमध्यें जॉन मूर नांवाचा एक औषधविक्या होता. जंतांवरील त्याच्या चूर्णाची इतकी ख्याति होती कीं कवि अलेक्झांडर पोप यानें त्याच्यावर एक उपहासपर कविता लिहिली. या मूरनें १७३५ सालीं 'कोलंबेरियम' हें कबुतरांवरील पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत दाण्याच्या पेटीचें वर्णन आहे: वरून झांकलेली, उतरत्या अंगाची पेटी, दाणा तिच्यांतून खालच्या उथळ चौकटींत येतो, चौकटीला कोणी गज लावतात, म्हणजे पक्ष्यांना दाणा विष्ठेंत उडवितां येत नाहीं, कोणी ती उघडी ठेवतात, म्हणजे पिलांना दाणा लवकर सांपडतो. आपली पेटी ती हीच. कबुतरांना ती कोंबड्यांच्या आधीं कां मिळाली? माझा तर्क असा कीं कबुतरें बाळगणारे हे शहरी शौकीन. त्यांना प्रत्येक पसाभर धान्य विकत घ्यावें लागे आणि दिवसभर माळ्यावर बसणेंहि शक्य नव्हतें. खेड्यांतील कोंबडीला यांपैकीं कोणतीच अडचण नव्हती. ती उकिरड्यावर आणि खळ्यावर आपलें पोट भरी. घरची बाई सकाळ-संध्याकाळ एक मूठ फेकी, ती मुख्यतः ओळख राहावी म्हणून.

आपल्या खेड्यांतून अद्यापहि पुष्कळ ठिकाणीं हीच रीत आहे. संध्याकाळीं कण्या टाकून हांक मारावयाची, आणि जमलेल्या कोंबड्या डालग्याखालीं किंवा खुराड्यांत घालावयाच्या. तेथें पेटी नेऊन ठेवणें म्हणजे नदीकांठीं पाणपोई घालण्यासारखें आहे. पेटीची गरज दाणा विकत घ्यावा लागतो तेथें उत्पन्न होते, आणि ती खर्‍या अर्थानें उत्पन्न झाली अमेरिकेंत.

अमेरिकेंत १८८७ सालीं हॅच कायदा झाला व राज्याराज्यांतून शेतकी प्रयोगशाळांना मध्यवर्ती सरकारकडून पैसा मिळूं लागला. अतिउत्तरेकडील मेन राज्यांत, ओरोनो येथील प्रयोगशाळेंत, प्रोफेसर गिलमन गोवेल हे कोंबड्यांचें काम पाहत. १८९८ पासून त्यांनीं सापळ्याचीं घरटीं वापरण्यास सुरुवात केली. कोंबडी आंत शिरली कीं दार मिटतें, आणि अंडें कोणत्या कोंबडीचें हें नक्की कळतें. एकेका कोंबडीचा असा वर्षभराचा हिशेब हातीं आल्यावर, खाण्यांत बदल केला तर काय होतें हेंहि मोजतां येऊं लागलें.

त्या काळीं शास्त्रोक्त समजलें जाणारें खाणें म्हणजे ओलें आंबोण. कोंडा, मक्याचें पीठ, उकडलेले बटाटे, मांसाचा चुरा हें सर्व गरम पाण्यांत कालवून कोंबड्यांपुढें ठेवीत. हें रोज शिजवावें लागे, रोज पात्रें घासावीं लागत. मेनसारख्या मुलुखांत हिंवाळ्यांत उरलेलें आंबोण गोठून दगड होई व उन्हाळ्यांत आंबून जाई. शिवाय आंबोण येतांच सार्‍या कोंबड्या एकदम तुटून पडत; दांडग्या भरपेट खात आणि भित्र्या मागें राहत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मेनमध्यें हें आंबोण काढून टाकून तेंच मिश्रण कोरडें, पट्ट्या मारलेल्या पन्हळींतून दिवसभर पुढें ठेवण्याची पद्धति रूढ झाली. १९०९ सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यानें मेनच्या कोंबडीपालनाच्या पद्धतीवर एक स्वतंत्र पत्रिका काढून ती देशभर पोंचविली.

या पद्धतीवर जो आक्षेप घेतला गेला तो मोठा मनोरंजक आहे. दिवसभर अन्न पुढें असल्यावर कोंबडी आळशी होईल, लठ्ठ होईल आणि अंडीं देणें सोडील, असें जुन्या अनुभवी लोकांचें म्हणणें होतें. हा आक्षेप केवळ कोंबडीबद्दलचा नव्हे. फुकट अन्नछत्र, नोकराला आगाऊ पगार, मुलांच्या हातीं फराळाच्या डब्याची किल्ली, अशा प्रत्येक गोष्टीविषयीं आपण तो ऐकलेला आहे. कोंबडीच्या बाबतींत उत्तर तिच्या चोंचीनेंच दिलें. कोरडा भरडा चोंचीला चिकटतो, घशाखालीं लवकर उतरत नाहीं, मधून मधून पाणी प्यावें लागतें. म्हणून ती थोडें थोडें, पुष्कळ वेळां खाते. भित्री कोंबडीहि गर्दी ओसरल्यावर निवांतपणें येऊन खाते. गरजेपुरतें झालें कीं अंडीं देणारी कोंबडी सामान्यतः थांबते. आणि आळसाच्या भीतीला मेनवाल्यांनीं आधींच उपाय ठेवला होता. पेटींतल्या भरड्याखेरीज थोडें अख्खें धान्य ते जमिनीवर पसरलेल्या पेंढ्यांत टाकीत, म्हणजे कोंबड्यांना उकरण्याचा व्यायाम घडे. मूठ सर्वस्वीं सुटली नव्हती.

पेटीनें सर्वांत अधिक सुटका केली ती कोंबड्यांची नव्हे, तर स्त्रियांची. अमेरिकन शेतकर्‍याच्या घरीं कोंबड्या हें घरधनिणीचें खातें असे. अंडीं विकून येणारा पैसा तिचा. त्यांतून वाणसामान, कापड, मुलांचे जोडे येत. दिवसांतून दोनदां आंबोण शिजविण्याचें कामहि तिच्याच वांट्याला होतें. आठवड्यांतून एकदां भरावयाची पेटी तिच्या दारीं आली तेव्हां तिचे किती तास वांचले असतील, याचा हिशेब कोणत्याहि पत्रिकेंत मांडलेला माझ्या पाहण्यांत नाहीं. न्यूयॉर्क राज्यांतील कॉर्नेल विद्यापीठांत जेम्स राइस यांनीं कुक्कुटपालनाचें शिक्षण सुरू केलें होतें. अशा संस्थांच्या पत्रिकांतून पेट्यांचे नकाशे मापांसह येऊं लागले आणि घरोघर खोक्यांच्या फळ्यांपासून त्या बनूं लागल्या. अमेरिका १९१७ सालीं महायुद्धांत उतरली, तेव्हां सरकारी भित्तिपत्रकांनीं, घरांतल्या दर माणसामागें परसांत दोन कोंबड्या ठेवा म्हणजे कुटुंबाचीं अंडीं भागतील, असें नागरिकांना सांगितलें. पेटी शेतावरून शहराच्या परसांत आली.

आतां थोडें पेटीच्या पोटांत शिरूं. अख्खा गहूं किंवा मका फटींतून सरसर उतरतो. भरड्याचें तसें नाहीं. त्याचे कण बारीक, खरखरीत व किंचित् दमट असतात. ते एकमेकांस धरून राहतात आणि फटीच्या वर त्यांची कमान बांधली जाते. कमानीच्या वर पेटी गळ्यापर्यंत भरलेली, खालीं पन्हळ रिकामी. मालक झांकण उघडून पाहतो, पुष्कळ माल आहे म्हणून निश्चिंत होतो, आणि कोंबड्या उपाशी राहतात. मुठीनें दाणा घालणार्‍याच्या बाबतींत ही फसगत कधींच संभवत नाहीं.

वर आणखी भरडा ओतला तर त्याच्या दाबानें कमान मोडेल, असें नवख्याला वाटतें. तसें होत नाहीं. जर्मनींतील ब्रेमेन येथील एच. ए. यान्सेन या इंजिनियरानें धान्याच्या कोठारांवर प्रयोग करून १८९५ सालीं दाखवून दिलें कीं पाण्याचा दाब जसा खोलीबरोबर वाढत जातो तसा धान्याचा वाढत नाहीं. धान्य भिंतींशीं घासतें आणि आपलें पुष्कळसें वजन भिंतींवरच टाकतें. एका मर्यादेनंतर वर कितीहि भरलें तरी तळाला त्याची दाद नसते. कमान बांधली जाऊं नये म्हणून तोंड किती रुंद व भिंती किती उतरत्या असाव्या याचें रीतसर गणित अमेरिकेंतील युटा विद्यापीठांत अँड्रू येनिके यांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध केलें. सिमेंट, कोळसा, साखर यांचीं प्रचंड कोठारें आज त्या गणितावर उभारलीं जातात. परंतु पेटी करणार्‍या सुतारांनीं त्याच्या कितीतरी आधीं आपली तोड काढली होती. त्यांनीं पेटी वर अरुंद आणि खालीं किंचित् रुंद केली. चाड्याच्या अगदीं उलट. उतरणार्‍या भरड्याला खालीं जातांना जागा वाढत जाते, तेव्हां भिंतींना धरून कमान उभी राहूं शकत नाहीं. मला ही या सार्‍या इतिहासांतली सर्वांत सुंदर युक्ति वाटते.

बाकीचीं मापें कोणालाहि सांगतां येतील. एक कोंबडी दिवसाला सुमारें ११० ग्रॅम खाते. दहा कोंबड्यांना आठवड्याला साधारण आठ किलो भरडा लागतो. दर कोंबडीमागें पन्हळीची लांबी तीन इंच धरावी. पेटीला दोन्ही अंगांनीं पन्हळ असेल तर दीड फूट लांबी दहा कोंबड्यांना पुरते. भरड्यासाठीं फट दीड-दोन इंच, अख्ख्या धान्यासाठीं इंचभर. पन्हळीच्या कांठाला आंतल्या बाजूस पाऊण इंचाची पट्टी मारावी. ही पट्टी म्हणजे पेटीचा प्राण. कोंबडी भरडा चोंचीनें बाजूला फेकते, तो पट्टीवर आपटून पुन्हां आंत पडतो. पट्टी नसलेली पेटी म्हणजे उंदीर-चिमण्यांना वर्षासन. कांठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यावा, म्हणजे पाय आंत घालतां येत नाहीं. झांकण इतकें तिरपें असावें कीं वर बसतां येऊं नये. कोल्युमेलाची सूचना आहेच. शिंपल्यांचा चुरा निराळ्या लहान डब्यांत ठेवावा. अंड्याच्या कवचांत सुमारें दोन ग्रॅम चुना-धातु असतो आणि कवच घडण्यास वीसेक तास लागतात. दिवस कलल्यावर, कवच घडूं लागण्याच्या सुमारास, कोंबडी आपण होऊन त्या डब्याकडे वळते. तिच्या चोंचीवर निर्णय सोपविणें अगदींच अविचाराचें नव्हतें.

आपल्याकडे लांकडापेक्षां घासलेटचा डबा अधिक सोयीचा असे. अठरा लिटरांच्या डब्यांत दहा कोंबड्यांचा आठवड्याचा भरडा सहज मावतो. पुढच्या अंगाला तळाशीं कापून खालीं पसरट थाळी जोडली कीं झालें. मात्र कापलेली कड दुमडून बोथट केली पाहिजे, नाहींतर कोंबडीची मान कापते. हल्लीं प्लॅस्टिकच्या बादल्या व नळ वापरतात. नळाच्या वाकणाशीं भरडा हमखास अडतो. अख्ख्या किंवा गोळी केलेल्या दाण्यालाच तो मानवतो.

पेटीनें काय हिरावलें हेंहि सांगितलें पाहिजे. हातानें दाणा टाकणार्‍या बाईला रोज दोनदां सार्‍या कोंबड्या नजरेखालीं घालाव्या लागत. जी हांकेला आली नाहीं, जी पिसें फुगवून कोपर्‍यांत उभी राहिली, ती आजारी, हें तिला त्याच क्षणीं कळे. पेटीला तें कळत नाहीं. तिच्यापुढें एक कोंबडी आठ दिवसांत आली नाहीं तरी ती काय बोलणार?

दुसर्‍या महायुद्धानें ब्रिटनमध्यें पेटी काहीं वर्षें रिकामी ठेवली. परदेशांतून येणारें धान्य आटलें आणि जून १९४१ पासून अंड्यांवर नियंत्रण आलें. माणशीं आठवड्याला एक अंडें, तेंहि मिळालें तर. ज्यांच्या परसांत कोंबड्या होत्या त्यांना अंड्यांवरचा हक्क सोडून त्याबदलीं 'बॅलन्सर मील' नांवाचें पूरक पीठ मिळे. तें उकडलेल्या बटाट्यांच्या सालींत व स्वयंपाकघरांतल्या उरल्यासुरल्या जिन्नसांत कालवावयाचें, म्हणजे पुन्हां ओलें आंबोण. असलें मिश्रण पेटींतून उतरत नाहीं. चाळीस वर्षांपूर्वीं प्रयोगशाळेनें ज्या कामांतून गृहिणीला सोडविलें होतें, त्याच कामाला ती पुन्हां जुंपली गेली, आणि मार्च १९५३ मध्यें अंड्यांवरील नियंत्रण उठेपर्यंत असंख्य घरांना अंडें दिसलें तें तिच्या हातामुळें. साधन किती सोयीचें आहे एवढ्यावर त्याचें भवितव्य ठरत नाहीं. त्यांत भरावयाला काय मिळतें तेंहि पाहावें लागतें.

अमेरिकेंत मात्र पेटी वाढतच गेली. डेलावेअर राज्यांतील ओशन व्ह्यू येथें सेसिल स्टील या शेतकरी बाईनें १९२३ सालीं ५० पिलें मागविलीं, तीं चुकीनें ५०० आलीं. तिनें तीं परत न करतां वाढवून मांसासाठीं विकलीं. तीनच वर्षांत तिनें दहा हजार पिलांचें घर बांधलें. पांचशें पिलांना कदाचित् मुठीनें दाणा घालतां येईल. दहा हजारांना नाहीं. पुढें पेटीची जागा लांबच लांब पन्हळींतून फिरणार्‍या साखळीनें घेतली, घराचा कारखाना झाला, आणि घरधनिणीचा तो अंड्यांचा पैसा कंपन्यांच्या जमाखर्चांत गेला. ज्या पेटीनें तिचे तास वांचविले, तिनेंच तिचें खातें बंद करण्यास हातभार लावला. दोन्ही गोष्टी खर्‍या आहेत, आणि एकीनें दुसरी फिटते असें मला वाटत नाहीं.

हिंदुस्थानांत सुधारलेलें कोंबडीपालन प्रथम मिशनर्‍यांनीं आणलें. उत्तर प्रदेशांतील एटा येथें अमेरिकन मिशननें आणि त्रावणकोरांतील मार्तंडम् येथें स्पेन्सर हॅच यांच्या वाय. एम. सी. ए. केंद्रानें खेडुतांना चांगल्या जातीच्या कोंबड्या व अंड्यांची सहकारी विक्री शिकविली. १९३९ सालीं इज्जतनगर येथील सरकारी पशुवैद्यक संस्थेंत कुक्कुटसंशोधनाचा विभाग निघाला. आपल्या भरड्यांत भुईमुगाच्या पेंडीला तेव्हांपासून मान. आणि याच पेंडीनें पेटीविषयींचा एक धोका उघड केला. १९६० सालीं इंग्लंडमध्यें एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकीं मेले. शोध घेतां, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींत वाढलेल्या बुरशीचें विष हें कारण निघालें. त्यालाच आतां अफ्लाटॉक्सिन म्हणतात. दमट हवेंत पेटींत आठवडाभर पडून राहणारा भरडा या बुरशीला आयता मिळतो. म्हणून कोंकणांत व मुंबईंत पावसाळ्याचे चार महिने पेटी अर्धीच भरावी, आणि दर खेपेस तळचा जुना भरडा झाडून काढावा. सोय थोडी कमी होईल, पण इलाज नाहीं.

दुसरा धोका आपल्याच दारीं आला. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें हिंदुस्थानांतील पहिला बर्ड फ्ल्यू आढळला; पुढच्याच महिन्यांत जळगाव जिल्ह्यांत तो घरगुती कोंबड्यांत दिसला. ज्यांची सारी शिल्लक म्हणजे परसांतल्या चार कोंबड्या, त्यांच्या त्या कोंबड्याहि सरकारी पथकांनीं मारून पुरल्या. हा रोग रानपक्ष्यांबरोबर फिरतो, आणि उघडी पेटी म्हणजे रानपक्ष्यांना आमंत्रण. अमेरिकेंत याच रोगानें अंडीं महागलीं. मार्च २०२५ मध्यें डझनाचा सरासरी भाव सहा डॉलरांच्या वर गेला, आणि शहरांतल्या माणसांच्या मनांत परसांतल्या कोंबड्या पुन्हां घोळूं लागल्या. त्यांनाहि पहिला सल्ला मिळतो तो पेटी छपराखालीं, जाळीच्या आंत ठेवा, तिच्यावर झांकण असूं द्या, असाच.

आपल्या श्रोत्यांपैकीं कोणी पेटी करावयास घेतलीच, तर तिच्या तोंडावर एक उघडझांप करणारी फळीहि बसवावी. दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यांत गेल्या कीं ती लावून टाकावी. अंधारांत कोंबडी खात नाहीं, उंदीर खातात. या फळीला लोखंडी बिजागरीची जरूर नाहीं. जुन्या पट्ट्याचें चामडें दोन खिळ्यांनीं ठोकलें तरी काम भागतें.